तुरुंगाची बातमी, तुरुंगाच्याच संमतीने

तुरुंग ही राज्यसंस्थेच्या ताब्यातील अशी जागा आहे, की तिच्या भिंतींआड काय घडते ते पाहू देण्याचा अधिकार, पाहिलेले बाहेर सांगण्याची परवानगी आणि सांगितलेले खोटे ठरवण्याची साधने ही तिन्ही बहुतेक देशांत एकाच खात्याच्या हाती असतात. सरकारी रुग्णालयातील हेळसांड रुग्णाचे नातेवाईक त्याच संध्याकाळी चारचौघांत सांगू शकतात, शाळेत झालेली मारहाण मूल घरी येऊन सांगते; कैद्याचे पत्र मात्र तुरुंगाधिकारी उघडून वाचतो, नातेवाइकांशी होणारी त्याची मुलाखत पहाऱ्यात होते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच शिपायाच्या हाती रात्री कोठडीची किल्ली असते. त्यामुळे तुरुंगाविषयीच्या वार्तांकनावर सरकार जी देखरेख ठेवते, तिचा विचार इतर सेन्सॉरशिपपेक्षा वेगळा करावा लागतो. चित्रपटातील एखादे दृश्य कापले गेले तर ते दिग्दर्शकाला ठाऊक असते आणि तो त्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो. तुरुंगातील जी हकीकत छापलीच गेली नाही ती घडलीच नाही, असे समाज धरून चालतो.

ही देखरेख प्रवेशापाशी होऊ शकते, म्हणजे पत्रकाराला आत सोडायचे की नाही हे ठरवताना. संभाषणाच्या वेळी होऊ शकते, म्हणजे कोणाशी, किती वेळ आणि कोणाच्या उपस्थितीत बोलायचे हे ठरवताना. किंवा मजकूर तयार झाल्यावर तो प्रसिद्धीपूर्वी तपासून होऊ शकते. या शेवटच्या प्रकाराला कायद्याच्या भाषेत पूर्वनियंत्रण म्हणतात. लेखन प्रसिद्ध झाल्यानंतर त्यात कायदाभंग असेल तर लेखकावर खटला भरणे वेगळे, आणि ते प्रसिद्ध होण्याआधीच सरकारने अडवणे वेगळे, हा भेद त्यामागे आहे. पण पूर्वनियंत्रण लादण्यासाठी सेन्सॉर अधिकारी नेमावाच लागतो असे नाही. कायद्याच्या एका कलमाची रचना नेमकी केली तर संपादक आपण होऊन मजकूर सरकारकडे घेऊन जातो, हे दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीने सप्रमाण दाखवून दिले, आणि म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे.

जोहान्सबर्गमधील फोर्ट नावाच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात कृष्णवर्णीयांसाठी ‘नंबर फोर’ या नावाने ओळखला जाणारा तुरुंग होता. सत्याग्रहाच्या काळात, १९०८ मध्ये, मोहनदास गांधी यांनाही याच आवारात कैदेत ठेवले होते. १९५४ मध्ये ‘ड्रम’ या मासिकाचे पत्रकार हेन्री न्क्सुमालो यांनी या तुरुंगाची हकीकत मिळवण्यासाठी स्वतःला मुद्दाम अटक करवून घेतली. कृष्णवर्णीय माणसाला शहरात वावरताना सतत परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसला तर अटक होई. ज्या कायद्याखाली रोज असंख्य माणसे तुरुंगात जात होती, त्याच वाटेने न्क्सुमालो आत गेले आणि काही दिवसांची शिक्षा भोगून बाहेर आले. मार्च १९५४ च्या अंकात त्यांचा वृत्तान्त आला, त्यात मारहाण होती, घाण होती, आणि ‘टाउझा’ नावाच्या झडतीचे वर्णन होते. या झडतीत कैद्याला विवस्त्र करून उड्या मारायला, टाळ्या वाजवायला आणि गिरकी घ्यायला लावत, जेणेकरून अंगावर कुठे काही लपवलेले नाही हे पहारेकऱ्याला दिसावे. वर्णनावर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून छायाचित्रकार बॉब गोसानी यांनी शेजारच्या परिचारिका-वसतिगृहाच्या गच्चीवरून त्या झडतीचे छायाचित्र टिपले. लेख नाकारता आला असता, छायाचित्र नाकारता येईना.

पुढे १९५९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नवा तुरुंग कायदा आला. त्याच्या ४४ व्या कलमाने परवानगीवाचून तुरुंगाचे किंवा कैद्याचे छायाचित्र अथवा रेखाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला, आणि त्याच कलमाच्या पुढच्या भागात कैद्याच्या तुरुंगातील अनुभवाविषयी किंवा तुरुंगाच्या कारभाराविषयी खोटी माहिती प्रसिद्ध करणे दंडनीय केले. खोटे छापू नये यात वावगे काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण माहिती खोटी आहे हे ठाऊक असणे गुन्ह्यासाठी आवश्यक नव्हते. ती पडताळून पाहण्याची वाजवी काळजी घेतली नसली तरी गुन्हा पुरा होत होता, आणि ती काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर नव्हे तर आरोपीवर टाकले होते. फौजदारी न्यायाचा सर्वसाधारण नियम असा, की आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा. येथे तो उलटा केला गेला. संपादकाने आता करायचे काय? तुरुंगातील घटना पडताळायची म्हणजे अखेर तुरुंग खात्यालाच विचारायचे, आणि खात्याने ‘हे खोटे आहे’ असे लेखी कळवल्यावर छापायचे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच फाइलला लावून ठेवायचा. कायद्यात ‘पूर्वपरवानगी’ हा शब्दही न घालता तिची सक्ती झाली.

या कलमाची खरी कसोटी १९६५ मध्ये लागली. ‘रँड डेली मेल’ या जोहान्सबर्गच्या दैनिकाचे संपादक लॉरेन्स गँडर आणि वार्ताहर बेंजामिन पोग्रंड यांनी हॅरॉल्ड स्ट्रॅकन या नुकत्याच सुटलेल्या राजकीय कैद्याच्या अनुभवांवर लेखमाला प्रसिद्ध केली. स्ट्रॅकन गोरे होते, चित्रकार होते, आणि गोऱ्या कैद्याचीही ही गत असेल तर कृष्णवर्णीयांची काय असेल, हा प्रश्न त्या लेखांतून आपोआप उभा राहत होता. पाठोपाठ तुरुंग कर्मचाऱ्याची आणि इतर कैद्यांची कथने आली, त्यांत कैद्यांना विजेचे झटके दिल्याचे आरोप होते. पत्राने घाई केली नव्हती. कथने शपथेवर नोंदवून घेतली होती, ती एकमेकांशी ताडून पाहिली होती, कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. कोणत्याही संपादकीय कार्यालयात याहून अधिक काटेकोर काम क्वचितच होत असेल.

सरकारचे उत्तर चौकशी आयोगाचे नव्हते. पोलिसांनी पत्राच्या कार्यालयाची झडती घेतली, पोग्रंड यांचा पारपत्राचा हक्क काढून घेतला, आणि आधी माहिती देणाऱ्यांवर खटले भरले. स्ट्रॅकन पुन्हा तुरुंगात गेले. बोलणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्यालाही शिक्षा झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. माहिती देणारे आधी दोषी ठरले की त्यांच्या शब्दावर विसंबणारे पत्र आपोआप बेजबाबदार ठरते, अशी ती मांडणी होती. संपादक आणि वार्ताहर यांच्यावरील मुख्य खटला १९६८ च्या अखेरीस उभा राहिला आणि १९६९ च्या मध्यापर्यंत चालला. सिडनी केंट्रिज यांच्यासारखा निष्णात वकील बाजू मांडत असूनही दोघे दोषी ठरले. शिक्षा सौम्य होती, संपादकाला दंड आणि वार्ताहराला स्थगित कारावास. परंतु खटल्याचा खर्च प्रचंड होता आणि त्यात गेलेली वर्षे कोणी परत देणार नव्हते. इतर वृत्तपत्रांच्या मालकांनी त्यातून काय घ्यायचे ते घेतले. तुरुंगाविषयीचा मजकूर आधी खात्याकडे पाठवण्याची प्रथा पडली, आणि वर्णद्वेषी राजवटीच्या पुढच्या सर्वांत कठोर काळात तुरुंगांविषयी देशातील वृत्तपत्रे जवळजवळ मुकी झाली. हे साधन इतके उपयोगी वाटले, की १९७९ मध्ये याच धर्तीची तरतूद पोलिसांविषयीच्या बातम्यांनाही लावण्यात आली.

मुक्या झालेल्या वृत्तपत्रांना सरकारने अधूनमधून आत नेऊनही आणले. एप्रिल १९७७ मध्ये देशी-विदेशी पत्रकारांना रॉबेन बेटावरील तुरुंग दाखवण्यात आला. नेल्सन मंडेला तेथेच होते. कैद्यांशी बोलण्याची मुभा मात्र पत्रकारांना नव्हती, आणि राजकीय कैद्यांनी पुढच्याच महिन्यात अधिकाऱ्यांना लेखी निषेध पाठवून या भेटीच्या हेतूलाच आक्षेप घेतला. त्यांचा आक्षेप योग्य होता. प्रवेशबंदी असलेल्या तुरुंगाविषयी निदान संशय तरी शिल्लक राहतो. दाखवलेल्या तुरुंगाविषयी जगाला वाटते की पाहायचे ते पाहून झाले. कोणती कोठडी उघडायची, त्या दिवशी कैद्यांच्या हाती कोणते काम द्यायचे, कोणत्या कोनातून छायाचित्र घेऊ द्यायचे, हे सारे यजमान ठरवत असताना पत्रकार साक्षीदार राहत नाही.

भारतात दक्षिण आफ्रिकेतील ४४ व्या कलमासारखे कलम कधी आले नाही, ही जमेची बाजू आहे. १८९४ चा तुरुंग कायदा वसाहतकाळातला, त्यात वृत्तपत्रांचा विचारच नाही. आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने पत्रकारांच्या प्रवेशाचे नियम राज्याराज्यांच्या कारागृह नियमावलींत विखुरलेले आहेत. मराठीत तुरुंगाचे चित्र पूर्वीपासून आले ते मुख्यतः सुटून आलेल्या सुशिक्षित राजबंद्यांच्या लेखणीतून. टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनी १८८२ मध्येच लिहिली. पण चोरीच्या आरोपाखाली जामिनावाचून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या माणसाला लिहिता येत नाही, आणि लिहिता आले तरी त्याचे छापणार कोण? त्याच्यासाठी बाहेरच्याच कोणीतरी आत जावे लागते. १९७९ च्या जानेवारीत ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी, म्हणजे ज्यांचे खटले अजून निकाली निघालेले नाहीत अशांविषयी, जी माहिती आली आणि जिच्यामुळे हुसैनारा खातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभे राहून जलद सुनावणीचा हक्क जीविताच्या हक्काचा भाग ठरला, ती माहिती के. एफ. रुस्तमजी यांच्या तुरुंगभेटींतून आली होती. कामठीत जन्मलेले रुस्तमजी त्या वेळी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. त्यांना आत जाताना कोणी अडवले नाही, कारण ते अधिकारी म्हणून गेले होते.

पत्रकार म्हणून गेलेल्या शीला बारसे यांचा अनुभव वेगळा होता आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. मे १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री-कैद्यांशी संवाद साधला, आणि त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी ते पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्रियांशी बोलून अहवाल देण्यास सांगितले, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने निर्देश दिले: स्त्री-आरोपींसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात आणि तेथे स्त्री-पोलिसांचा पहारा असावा, स्त्रीची चौकशी स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, अटक झालेल्या व्यक्तीला अटकेचे कारण तत्काळ सांगावे, आणि दंडाधिकाऱ्याने आरोपीला कोठडीत छळ झाला का हे विचारावे. आज देशभरातील पोलीस ठाण्यांत जे नियम गृहीत धरले जातात त्यांतील काहींचे मूळ एका पत्रकाराच्या या काही दिवसांच्या संभाषणात आहे.

त्या संभाषणाची परवानगी मात्र टिकली नाही. कारागृह महानिरीक्षकांनी दिलेल्या परवानगीनुसार बारसे ध्वनिमुद्रण करू लागल्या तेव्हा फक्त टिपणे घ्या असे सांगण्यात आले, त्यांनी हरकत घेतली तेव्हा परवानगीच काढून घेण्यात आली, आणि अशा मुलाखती केवळ पीएच.डी. वगैरे करणाऱ्या संशोधकांनाच देण्याची सरकारची पद्धत आहे असे कळवण्यात आले. म्हणजे जे काही वर्षांनी प्रबंधात येऊन ग्रंथालयात राहील ते चालेल, उद्या सकाळी वाचले जाईल ते चालणार नाही. हे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये निकाल लागला. तुरुंगांत काय चालते हे जाणण्याचा नागरिकांना हक्क आहे आणि वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून पत्रकाराला कैद्यांना भेटता आले पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले. कैद्याची इच्छा नसेल तर त्याला बोलायला भाग पाडता येणार नाही, ध्वनिमुद्रणासाठी विशेष परवानगी लागेल, आणि मिळालेली माहिती अधिकाऱ्यांकडे पडताळून त्यांचीही बाजू समजून घ्यावी, अशा अटी त्याबरोबर आल्या.

यातली शेवटची अट काळजीपूर्वक वाचायला हवी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे विचारणे हा पत्रकारितेचा जुना आणि योग्य संकेत आहे, आणि कैदी खोटे बोलणारच नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण अधिकाऱ्याची बाजू विचारणे आणि अधिकाऱ्याची संमती घेणे या दोन गोष्टींतील अंतर दिसते त्याहून फार मोठे आहे. पहिल्यात वाचकासमोर दोन कथने येतात आणि निवाडा वाचक करतो. दुसऱ्यात ज्याच्यावर आरोप आहे तोच निवाडा करतो आणि वाचकासमोर एकच कथन येते, किंवा काहीच येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९५९ मध्ये पहिल्याचे नाव घेऊन दुसरे लादले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद बऱ्यापैकी जपला असे म्हणता येते. रंगा आणि बिल्ला या दोषी कैद्यांना फाशी होण्यापूर्वी ‘हिंदुस्तान टाइम्स’च्या मुख्य वार्ताहर प्रभा दत्त यांना तिहारमध्ये त्यांच्या मुलाखतीची परवानगी नाकारली गेली, तेव्हा न्यायालयाने सांगितले की कैदी बोलायला तयार असेल आणि नकाराचे सबळ कारण नसेल तर मुलाखत द्यावी, आणि कारण असेल तर ते लेखी नोंदवावे. १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात तर प्रश्न थेट पूर्वनियंत्रणाचाच होता. तमिळ साप्ताहिक ‘नक्कीरन’ फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचे आत्मकथन छापणार होते, त्यात अधिकाऱ्यांचे गुन्हेगारांशी असलेले संबंध उघड होणार होते, आणि कारागृह महानिरीक्षकांनी पत्र पाठवून प्रकाशन थांबवण्यास सांगितले होते. बदनामी होईल या भीतीने सरकारला किंवा अधिकाऱ्याला प्रकाशन आधीच अडवता येणार नाही, प्रकाशनानंतर कायद्याने जे उपाय आहेत ते त्यांनी करावेत, असा निर्णय झाला.

कैद्याच्या स्वतःच्या लेखनाबाबत याहून जुना एक निर्णय आहे, आणि त्याच्या मुळाशी एक मराठी हस्तलिखित आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी कोठडीत अणुविज्ञानावर ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक मराठीत लिहिले आणि ते प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे अशी विनंती केली. मजकुरात राजकारणाचा लवलेश नव्हता. तरीही सरकारने नकार दिला, कारण स्थानबद्धाला पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याचा हक्क नियमांनी दिलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. नियमांत जे मना केलेले नाही ते स्वातंत्र्य कैद्याकडे उरतेच, असा त्या निकालाचा गाभा आहे, आणि त्यातील न्यायबुद्धी पुढच्या कित्येक तुरुंग-नियमांत दिसत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

या सर्व निर्णयांनंतर २०१५ मध्ये चाक उलट फिरले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणावरील ‘इंडियाज डॉटर’ या बीबीसीच्या माहितीपटात तिहारमधील एका दोषी कैद्याची मुलाखत होती. परवानगी रीतसर घेतलेली होती. परंतु चित्रीकरण संपादनापूर्वी तुरुंग प्रशासनाला दाखवण्याची अट पाळली गेली नाही, असे सरकारचे म्हणणे पडले, तर ते दाखवले होते असे निर्मात्यांचे म्हणणे होते. मार्चमध्ये भारतात प्रसारणावर बंदी आली. त्या कैद्याचे उद्गार किळसवाणे होते आणि पीडितेच्या कुटुंबाचे दुःख लक्षात घेता त्या मुलाखतीच्या औचित्याविषयी प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण त्या एका प्रसंगातून जुलै २०१५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना ज्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्या सर्वच वार्तांकनाला लागू होणाऱ्या होत्या. त्यांनुसार पत्रकार, स्वयंसेवी संस्था किंवा माहितीपटकार यांना लेख, मुलाखत वा चित्रीकरणासाठी सामान्यतः प्रवेश देऊ नये. समाजावर सकारात्मक परिणाम होईल किंवा तुरुंग सुधारणेशी संबंध असेल असे सरकारला वाटले तरच तो द्यावा. अर्जदाराकडून १ लाख रुपयांची अनामत घ्यावी. भेटीनंतर कॅमेरा व ध्वनिमुद्रण-यंत्र तपासणीसाठी तुरुंग अधीक्षकाकडे ठेवून आक्षेपार्ह भाग काढून टाकता यावा. आणि अंतिम कृतीही प्रसिद्धीपूर्वी सरकारला दाखवावी.

विषय राज्यांचा असल्याने या सूचना कायद्यासारख्या बंधनकारक नाहीत. तरी त्यांची दिशा चिंताजनक आहे. ‘सकारात्मक परिणाम’ ही सुरक्षेची कसोटी नव्हे, ती आशयाची कसोटी आहे. कोंडवाड्यासारख्या बराकीत निजणाऱ्या माणसांचे वर्णन कोणत्या अर्थाने सकारात्मक ठरणार? १ लाखाची अनामत मोठ्या वाहिनीला जड जात नाही, जिल्ह्याच्या गावातून स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या वार्ताहराला मात्र ती दार बंद करण्यासारखीच आहे. आणि यंत्र अधीक्षकाच्या स्वाधीन करायचे असेल तर त्याच अधीक्षकाविरुद्ध कैदी काय बोलला हे त्याला सर्वांत आधी कळणार, आणि पत्रकार निघून गेल्यावर तो कैदी तेथेच राहणार. मजकूर कापला जाण्यापेक्षाही हे भय अधिक परिणामकारक आहे, कारण त्यामुळे कापण्यासारखे काही बोललेच जात नाही.

देखरेखीच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जातात ती सगळीच खोटी नाहीत. पहाऱ्याची रचना, दरवाजांच्या जागा, साक्षीदार कैद्याचे नाव हे उघड होऊ नये. आजारी किंवा अल्पवयीन कैद्याचा चेहरा दाखवू नये. संघटित गुन्हेगाराला तुरुंगातून दहशत पसरवण्याचे व्यासपीठ मिळू नये. बबलू श्रीवास्तव या तुरुंगातील गुन्हेगाराच्या मुलाखतीवरून झालेल्या १९९९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट परवानगी देणेही चुकीचे ठरवले होते. मात्र या कारणांसाठी ठिकाण, वेळ आणि ओळख यांवर निर्बंध पुरेसे आहेत, मजकुरावर हुकमत लागत नाही. शिवाय ही हुकमत ज्यांच्यासाठी असल्याचे सांगितले जाते त्यांना ती अडवतही नाही. २०२३ च्या मार्चमध्ये लॉरेन्स बिश्नोई या कुख्यात टोळीप्रमुखाच्या मुलाखती तो कोठडीत असताना वाहिनीवर दिसल्या, आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर झालेल्या तपासात, त्यांतली एक पंजाबमधील खरडच्या पोलीस आवारातच झाल्याचे निष्पन्न झाले. वजनदार गुन्हेगाराला परवानगी लागली नाही. नियम आडवे येतात ते रीतसर अर्ज करणाऱ्याला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, आणि तुरुंगांच्या क्षमतेच्या १३१ टक्के भरणा होता. हे आकडे सरकारच देते आणि ते लपवत नाही, हे मान्य करायला हवे. आकड्यांआड असलेला दिवस कसा जातो, ते मात्र आकडे सांगत नाहीत. कोणाला झाडू मिळतो आणि कोणाला स्वयंपाकघर, हे जातीवरून ठरते, ही गोष्ट मुंबईस्थित पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये ‘द वायर’मधून मांडली ती सुटून आलेल्या कैद्यांच्या कथनांतून आणि राज्यांच्या छापील कारागृह नियमावल्या वाचून. त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कामाची जातीनुसार वाटणी घटनाबाह्य ठरवली, नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला सांगितले आणि राज्यांना नियमावल्या तीन महिन्यांत सुधारण्याचा आदेश दिला. ही वाटणी काही नियमावल्यांत उघडपणे छापलेली होती, आणि शतकाहून अधिक काळ ती ज्यांच्या हातून अमलात येत होती त्या खात्यांपैकी कोणालाही तिच्यावर कोणी लेख लिहावा असे वाटले नव्हते. एखाद्या वार्ताहराने तुरुंगात जाऊन हेच चित्रित केले असते, तर २०१५ च्या सूचनांनुसार ते आक्षेपार्ह आहे की नाही हे आधी त्याच खात्याने ठरवले असते.